चार चांदण्यांचा टायर

"चार चांदण्यो आसत," नव्या टायरवरच्या लेबलावर बोट ठेवून बाबली म्हणाला.

"चांदण्यो कसल्यो? तेका ता..." देवेश बोलता बोलता थांबला आणि खाली वाकून चाकाचा नट आवळायला लागला. नट आधीच आवळलेला होता.

भिकाजीने ते ऐकलं. त्याच्या आत काहीच हललं नाही. त्याची बायको तारा जाऊन पाच महिने झाले होते. पाळीच्या त्या गॅरेजातले ड्रायव्हर एरवी मोठे तोंडाळ, शिवी दिल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचे नाहीत. पण लेबलवाले टायर आले त्या दिवसापासून त्यांनी काही न ठरवताच ताऱ्यांच्या चांदण्या करून टाकल्या होत्या. भिकाजीसमोर ते नाव निघायला नको, एवढंच. भिकाजीलाही ते कळत होतं आणि आपल्याला कळतंय हे तो दाखवत नव्हता.

सरकारचा नियम साधा होता. टायर रस्त्यावर दबतो, रबर तापतं, आणि तापण्यात जेवढी ताकद जाते तेवढं डिझेल फुकट जातं. जो टायर कमी तापतो त्याला जास्त तारे. खनिज वाहून नेण्याचं काम ज्या कंपनीचं होतं, तिने पत्र पाठवलं की ट्रकांना आता असलेच टायर हवेत. जुन्यावर नवं रबर चढवलेले रिमोल्ड घालायचे असतील तर ते डिझेल जास्त खात नाहीत हे मालकाने दाखवून द्यावं.

आणि रिमोल्ड म्हणजे भिकाजी. तो बांद्याहून पाळीला आला तेव्हा मालक सुदेशबाब शाळेत होता. गॅरेजमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बॉयलर आणि लोखंडी साचा. झिजून गोटा झालेला टायर यायचा, भिकाजी त्याच्या पोटातून तळहात फिरवायचा, कुठे तार सुटली आहे, कुठे ओल शिरली आहे ते बघायचा, मग नवं रबर चढवून साच्यात भाजायचा. एकतीस वर्षं. त्याने पास केलेला टायर घाटात फुटला असं अजून कुणी सांगत आलेलं नव्हतं.

"मामा, शनिवारी बघूया," सुदेशबाबने सांगितलं होतं. "दोन गाडये, सारखोच माल, जेटीपर्यंत तीन खेपो. तुजो रिमोल्ड नव्याच्या बरोबरीन चल्लो तर शेड रवतली. नाय तर माका बंद करूक लागतली."

"बरा," भिकाजी म्हणाला होता. शेड गेली तर काय करायचं याचा विचार त्याने करायला हवा होता. करायला बसला की डोकं जागच्या जागी थांबायचं. सकाळी पाववाला पोदेर अजूनही दोघांचे चार उंडे पाव देऊन जायचा आणि भिकाजी ते घ्यायचा, दोन पुरे असं सांगायचंही त्याच्याकडून होत नव्हतं. शेडमध्ये मात्र हात आपोआप चालायचे. दिवसातले तेवढे आठ तास बरे जायचे. ते गेले तर उरलेलं कसं काढायचं, याची त्याला खरी भीती होती.

आज तो शनिवार. देवेशच्या गाडीला नवे टायर, बाबलीच्या गाडीला भिकाजीचे. दोन्ही टाक्या तोंडापर्यंत भरून गाड्या सकाळी आठला सुटल्या. भिकाजी शेडमध्ये कामाला लागला. दुपारी दोनला त्याने एक टायर साच्यात घातला आणि वाफ चालू केली. मोठा टायर, अडीच तास तरी भाजायला हवा.

तीनच्या सुमारास गाड्या तांबडी धूळ उडवत परत आल्या. गॅरेजसमोरच्या पंपावरच्या माणसाने टाक्या पुन्हा तोंडापर्यंत भरल्या. सुदेशबाब स्वतः उभा राहून काटा बघत होता. देवेशच्या गाडीला एकतीस लिटर लागलं. बाबलीच्या गाडीला साडेतीस.

"मामा, जिखलो तू," सुदेशबाब हसत म्हणाला. "आता कंपनीक लिवन धाडतां. शेड रवली."

देवेशने भिकाजीच्या पाठीवर थाप मारली. बाबलीने खिशातली तंबाखू काढून मळायला घेतली, पण वर बघितलं नाही.

भिकाजी सवयीने गाडीपाशी उकिडवा बसला. देवेशच्या टायरवर हात ठेवला. कोमट. मग आपल्या टायरवर ठेवला, आणि हात लगेच मागे घेतला. आपला टायर खूप तापला होता. एवढा तापलेला टायर कमी डिझेलात कसा येईल? तो आणखी वाकला. ब्रेकच्या ड्रमपाशी हात नेला तर वीतभर अंतरावरूनच झळ लागली. लायनर जळल्याचा वास येत होता.

"बाबली, देवळाकडच्या उतारार गाडी कशी हाडलंस?"

"कशी म्हणजे? हाडतत तशी."

"न्यूट्रलार सोडून?"

बाबली जवळ आला आणि हळूच म्हणाला, "गप रव, भिकाजी. झाला ता झाला."

सगळे उतार बाबलीने इंजिनाला काम न देता, नुसत्या ब्रेकवर काढले होते. भरलेली गाडी, खाली शाळेकडचं वळण, आणि हा माणूस दोन लिटर डिझेल वाचवत होता. कुणासाठी ते विचारायची गरज नव्हती.

भिकाजी उठला नाही. त्याला हॉस्पिटलातला तो आठवडा आठवला. डॉक्टर म्हणायचे सुधारतेय, मुलगी कोमल म्हणायची आई आज दोन घास जेवली, शेजारपाजारचे येऊन म्हणायचे चवथीला घरी असेल. सगळे मायेनेच बोलत होते. रोज संध्याकाळी भिकाजी पांघरुणाखाली हात घालून ताराचे पाय बघायचा. ते दिवसेंदिवस गार होत चालले होते. त्याला चौथ्या दिवशीच कळलं होतं. पण सगळे एवढं चांगलं बोलत होते म्हणून तोही मान हलवत राहिला, आणि ताराशी जे बोलायचं होतं ते बोलायचं राहून गेलं. ती गेली तेव्हाही तो मान हलवतच उभा होता. त्या मान हलवण्याची त्याला आज लाज वाटली. पाच महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी वाटलं होतं.

"सुदेशबाब," तो म्हणाला, "ह्या खरा न्हय. ब्रेकाक हात लावन बघा. गाडी उतारार सोडून दिलेली आसा. माझो टायर तापता. डिझेल जास्तीच खाता."

सुदेशबाबचं हसू तसंच तोंडावर राहिलं. "मामा, दोन आकडे म्हज्या हातात आसत."

"त्या नव्या टायराक चार तारे आसत ना? ते बरोबर आसत," भिकाजी म्हणाला. "तारेच म्हणा. चांदण्यो कित्याक? तारा माझ्या बायलेचा नाव. मेली ती."

बाबलीच्या हातातली तंबाखू तशीच राहिली. सुदेशबाबने ब्रेकला हात लावला नाही. तो एवढंच म्हणाला, "मामा, तू गप रवलंस आसतंस तर माका कळला नसता."

"व्हय. पण माका कळला."

सुदेशबाब ऑफिसच्या दारापर्यंत गेला आणि तिथून वळून म्हणाला, "सोमवारसून बॉयलर पेटवू नको. आजय बंद करून वच घरा. तुका गेटीर खंय तरी बसयतां." त्याचा आवाज वाईट नव्हता. उलट नेहमीपेक्षा मऊच होता.

"साच्यात एक टायर आसा," भिकाजी म्हणाला. "कच्चो रवात."

"रवांदी मरे. कोण घालता आता तो?"

भिकाजी शेडमध्ये गेला. वाफेचा काटा बघितला, थोडा उतरला होता, तो नीट केला आणि स्टुलावर बसला. रडू येईल असं त्याला वाटलं होतं, पण आलं नाही. साडेचारला त्याने वाफ सोडून दिली, कप्पी ओढून साचा उघडला, आणि टायर आकड्याने बाहेर काढून फळीवर ठेवला. काळाभोर, नक्षी एकसारखी उठलेली. साच्याच्या बारीक भोकांतून रबर बाहेर येऊन टायरभर मिशा उगवल्या होत्या, प्रत्येक टायरला उगवतात तशाच. गाडीला लावण्याआधी त्या काढायच्या असतात. भिकाजीने पातं पाण्यात बुडवलं आणि एकेक मिशी मुळापासून कापायला सुरुवात केली.

बाबली दारात येऊन उभा राहिला.

"तुझ्याखातीर केलंय रे," तो म्हणाला.

"म्हायत आसा."

"शेड गेली ना पण."

"गेली."

भिकाजीचं पातं चालूच होतं. वरची बाजू संपत आली तसा बाबली आत आला, हाताला पोत्याचा तुकडा गुंडाळला आणि गरम टायरची कड धरली.

"सरक," तो म्हणाला, आणि त्याने टायर दुसऱ्या बाजूवर केला.