पदरवाल्या पाटीचा सूड

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे आणि माझ्या अंगावर एकही अक्षर नाही. आहे ती फक्त डोक्यावर पदर घेतलेली एक बाई. कोल्हापूरच्या सिकंदर पेंटरने मला रंगवले. जोतिबाच्या डोंगरावर, एका यात्रीनिवासात, मी बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दारावर होते आणि शेजारच्या दारावर फेटेवाला.

माझे कूळ लहान समजू नका. माणसाला अक्षरे सुचली नव्हती तेव्हा तो गुहेच्या भिंतीवर बैल काढत होता. टोकियोच्या ऑलिंपिकला नाना भाषांचे पाहुणे जमले, तेव्हा त्यांना वाट दाखवायला चित्रेच पुढे आली. आज विमानतळावर दिसतात ती माझी शहरी भावंडे. मराठी असो वा कानडी, मला पाहून कोणतीही बाई कधी दार चुकली नाही.

पण यात्रीनिवासाचे मालक धैर्यशील पुण्याच्या कुठल्याशा हॉटेलात जाऊन आले आणि आम्ही त्यांना गावंढळ दिसू लागलो. फेटेवाला भंगारात गेला. मला पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून टाकले. दारांवर त्रिकोण आले. बायकांसाठी टोक वर असलेला निळा, पुरुषांसाठी टोक खाली असलेला लाल. मी मनात म्हटले, धैर्यशील, चारचौघांत तुझे नाक कापल्याशिवाय राहणार नाही.

एका रविवारी सीमेपलीकडच्या गावातून रत्नव्वा नावाची म्हातारी बायकांबरोबर दर्शनाला आली. ती बिनधास्त लाल त्रिकोणाच्या दारात शिरली. आतले पुरुष खदाखदा हसले. बिचारी तोंडावर पदर ओढून बाहेर आली आणि माझ्या पिंपाशी उभी राहिली.

"अक्का, लाल त्रिकोण म्हंजे कुटुंब नियोजनाची खूण न्हवं?" तिने सफाई करणाऱ्या इमामबीला विचारले. "नर्सबाईची खोली ती. तिथं गडी कशाला येत्यात?"

इमामबीने कपाळाला हात लावला. टोक खाली असलेला लाल त्रिकोण या बायकांनी जन्मभर सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर पाहिला होता. त्यांचे काय चुकले? माझा संताप संताप झाला.

इमामबीने झाडू उगारून आतले सगळे गडी बाहेर काढले. "आजपास्नं ही बायकांची," ती म्हणाली. रत्नव्वा आणि सोबतच्या बायका आत गेल्या. तेवढ्यात मिसळीने पोटात कळ आलेले धैर्यशील धावत आले आणि सरळ लाल दारात घुसले.

आत बादली उपडी झाल्याचा आवाज आला.

"पावणं, बायकांत शिरताय, लाज हाय का न्हाय?" रत्नव्वा गरजली.

"मी मालक हाय हितला."

"मग तर जास्तच पायजे की."

मालक नखशिखान्त भिजून बाहेर आले. सारे अंगण हसत होते. खोटे कशाला बोलू, मला ते फार गोड लागले.

निळ्या दारातून पोट मोकळे करून ते परतले, तर रत्नव्वा वाटेतच बसलेली. "बाईचं चित्तर लागल्याबिगर मी हलायची न्हाय," ती म्हणाली. मालकांनी मला उचलले, स्वतःच्या रुमालाने माझे तोंड पुसले आणि मला घेऊन स्टुलावर चढले.

मित्रांनो, जुन्या खुणा सांभाळा. वाचता न येणाऱ्या माणसाची अब्रू त्यांच्यावर टांगलेली असते. ज्यांना हे पटत नाही, त्यांची मी वाट पाहते आहे.

"सरळ हाय का?" मालकांनी वरून विचारले.

"जरा डावीकडं घ्या," इमामबी म्हणाली. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे. मालकांचे हात भरून आले.

मी पहिल्यापासून सरळच होते, आणि इमामबीला ते दिसत होते.