दोन मुठी वर शनी

हॉटेलच्या गच्चीवर रोज संध्याकाळी पाहुण्यांना ग्रह दाखवायचं काम मास्तरांकडे होतं. दोन वर्षांपासून त्यांना उजेड-अंधारापलीकडे काही दिसत नव्हतं. हे फक्त त्यांच्या मुलीला ठाऊक होतं. कुठला ग्रह कधी कुठे असेल हे मास्तरांना तोंडपाठ होतं, दिशा कठड्याला हात लावून कळायची. आभाळ मोकळं आहे का, एवढंच शेजारी उभं राहून तिनं सांगायचं. त्यांचा कोपर एकदा दाबला की मोकळं. दोनदा दाबला की ढग, मग कार्यक्रम रद्द.

मॅनेजरला संशय होता. "डोळे गेलेत ना त्यांचे?" त्यानं मागच्या आठवड्यात तिला गाठून विचारलं. "एकदा चारचौघांत उघडं पडू दे. ही जागा तुझी. दोघांना ठेवणं मला परवडत नाही."

आज सूर्य मावळला आणि बघता बघता आभाळ भरून आलं. मुलीनं कोपर एकदा दाबला.

"या मंडळी, कठड्याशी या," मास्तर म्हणाले. "मावळतीला सगळ्यात ठळक आहे तो शुक्र. तारे लुकलुकतात, ग्रह शांत असतो. ही खूण पक्की. आता हात लांब करून मूठ वळा. शुक्राच्या डावीकडे तिरपं, दोन मुठी वर, शनी."

पाहुण्यांनी वर पाहिलं, मग एकमेकांकडे.

"शनी नको हो मास्तर," एक जाडे गृहस्थ म्हणाले. "आमची साडेसाती शेजारीच उभी आहे."

"खोलीवर चला, मग दाखवते साडेसाती," त्यांची बायको म्हणाली.

हशा पिकला. मास्तरही हसले. "पण दिसला का?"

"दिसला की!" गृहस्थांनी बाकीच्यांना डोळा मारला. "कडीसुद्धा दिसतेय. झकास!"

"गरागरा फिरतेय!" मागून कुणीतरी ओरडलं.

मास्तरांचा वर केलेला हात तसाच राहिला. "नुसत्या डोळ्यांना कडी दिसत नाही," ते म्हणाले. आता तर लोक पोट धरून हसले.

त्यांनी मान मुलीकडे वळवली. "आभाळ कसं आहे गं?"

"गच्च."

"शुक्र?"

"काहीच नाही बाबा. मघापासून काहीच नाही."

"तू एकदाच दाबलंस."

"हो."

"चुकून?"

"नाही. ढगांची वाट बघत होते. नेमकं आठवडाभर लख्ख होतं."

मास्तरांनी हात खाली घेतला. मागे उभा असलेला मॅनेजर पुढे झाला. "मंडळी, माफ करा. उद्यापासून या दाखवतील. यांना डोळे आहेत." त्यावरही दोघंतिघं हसले. "मास्तर, तुम्ही निघा."

कठडा चाचपत मास्तर निघाले. जिना उलट बाजूला होता. मुलीनं ते पाहिलं. तेवढ्यात एका बाईनं तिला विचारलं, उद्या कितीला यायचं? तिनं वेळ सांगितली.