दोन बोटांत धरलेला कोपरा

मास्तरांना जाऊन दीड महिना झाला, तरी त्यांची खाट हलवायला मास्तरीणबाई तयार नव्हत्या. कोणी विषय काढलाच तर म्हणायच्या, "राहू दे की. मला काय तिथे नाच करायचाय?" आणि स्वतः मात्र त्या खाटेकडे पाठ करून बसायच्या.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. ते कापड कापायचे, बाई काजं-बटणं करायच्या. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना तीस वर्षं गेली. मास्तरांची एक लकब होती. टेबलावर पसरलेलं कापड जरा तिरकं दिसलं की ते अख्खं उचलून पुन्हा अंथरत नसत. उजव्या हातात कात्री असायची. डाव्या हाताच्या दोन बोटांत ते कोपरा धरायचे आणि हलकेच फिरवायचे. कापड मुकाट्याने सरळ व्हायचं. "माणसं नाही अशी ऐकत," असं म्हणून ते चष्म्यावरून बायकोकडे बघायचे.

न ऐकणाऱ्यांत पहिला नंबर लेकीचा. बोलणं टोचरं, म्हणून तिला त्यांनीच नाव ठेवलं होतं टाचणी. ही टाचणी दूरच्या शहरात तयार कपड्यांच्या कारखान्यात नोकरीला लागली, तेव्हा मास्तर कात्री खाली ठेवून म्हणाले, "माझ्या पोटी जन्मून रेडीमेड?"

"लोक घालतात, बाबा. आणि सुखात राहतात."

"मग तूही राहा तिकडेच. सुखात."

एवढ्यावर अबोला धरला तो दोन वर्षं. दोघंही एकाच कापडाचे.

मग मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. टाचणी धावत आली, पण ते नीट शुद्धीवर येण्याआधीच तिची रजा संपली. जाताना तिने आईला टॅब घेऊन दिला. "दर रविवारी मी फोन करीन. बाबांना मला दाखव. बोलले नाहीत तरी चालेल, बघू देत."

मास्तरांच्या पाठीला जखम झाली होती, म्हणून ते सदा उजव्या कुशीवर. बाईंनी खाटेशेजारी स्टूल ठेवलं, त्यावर डब्याला टेकवून टॅब उभा केला. लेकीचा चेहरा आला. मास्तर बघत राहिले, कपाळाला आठ्या घालून. मग त्यांचा डावा हात पुढे आला, टॅबला लागला आणि टॅब कलंडला. त्यांच्या घशातून एक वैतागलेला आवाज निघाला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"मला ढकलतायत का गं?" टाचणीने विचारलं.

"छे! चुकून हात लागला."

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. चौथ्यांदा बाईंचा धीर सुटला. "अहो, पोटची पोर आहे ती! अर्धं अंग गेलं, ताठा मात्र जशाच्या तसा!" मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाईंना ते रागाचं वाटलं.

"मी समोर आले तर त्यांचं बीपी चढेल," टाचणी म्हणाली. "जरा निवळू दे, मग येते."

ती आली तेव्हा मास्तरांच्या अंगावरून डोक्यापर्यंत चादर ओढलेली होती.

मास्तरांना जाऊन दीड महिना झाला, त्या रविवारी दुपारी काजं करता करता बाईंची कंबर धरली. जवळ दुसरं काही नव्हतं, म्हणून त्या खाटेवर टेकल्या, आणि टेकल्या त्या आडव्याच झाल्या. उजव्या कुशीवर, कारण गादीला खड्डाच तसा पडला होता. स्टुलावरचा टॅब वाजला. त्यांनी हात लांबवून फोन घेतला.

समोर लेक आडवी. कपाळ डावीकडे, हनुवटी उजवीकडे. डोळे शोधता शोधता बाईंनाच गरगरलं. त्यांचा डावा हात आपसूक पुढे गेला. दोन बोटांत टॅबचा कोपरा धरून त्यांनी तो फिरवला. टॅब आडवा झाला, आणि आत लेकीचा चेहरा गर्रकन फिरून पुन्हा होता तसाच. त्यांनी उलटा फिरवला. चेहरा परत फिरला.

"आई, टॅब का ढकलतेयस?"

बाईंचा हात तिथेच थांबला. त्या आपल्या बोटांकडे बघत राहिल्या.

"टाचणे," त्या म्हणाल्या, "ते ढकलत नव्हते गं."

"कोण?"

"तुझे बाबा. तुला सरळ करून घेत होते. कोपऱ्याला धरून, कापडासारखं. आणि हे मेलं दर वेळी फिरत होतं."



"एका बोटाचं काम होतं, आई," टाचणीचा आवाज फाटला होता. "मी स्वतः रोज करते. रात्री पडून फोन बघते ना, तेव्हा स्क्रीनचं आपोआप फिरणं बंद करते. रोज! आणि मला सुचलं नाही."

"तू लांब होतीस. मी तर तीस वर्षं ती दोन बोटं बघितली. आणि म्हटलं काय, तर ताठा!"

दोघी आपापल्या जागी रडल्या. कोणी कोणाला गप्प केलं नाही.

मग टाचणीने नाक पुसलं. "टॅब उभा कर. आता वरच्या कडेवरून बोट खाली ओढ. गोल बाण असलेलं एक चित्र येईल, त्यावर टिचकी मार. झालं. आता फिरव कसाही."

बाईंनी कोपरा धरला आणि हलकेच फिरवला. या वेळी चेहरा मुकाट्याने आला. कपाळ वर, हनुवटी खाली. किती वाळली होती पोर.

"उठून बसलीस का?" टाचणीने विचारलं.

"नाही गं. तशीच पडलेय, त्यांच्या जागेवर."

"मला तू सरळ दिसतेयस." ती थांबली. "म्हणजे बाबासुद्धा मला बसलेले दिसले असते."

टॅब जड होता, बाईंचं मनगट भरून आलं होतं, पण त्यांनी कोपरा सोडला नाही.