कासवाच्या पाठीवरचा घास

आमच्या जयतीर्थाची मुंज झाली ते साल १९८७. त्याच उन्हाळ्यात म्हैसूरबाहेर, हिनकलच्या पुढे, हुणसूर रस्त्याला, मुलांची एक नवी बाग उघडली. मुंजीला आलेल्या पाहुण्यांकडून ऐकून मुलांनी तिचा ध्यास घेतला होता. मांडव उतरल्यावर एका रविवारी वादिराज आम्हा सगळ्यांना तिथं घेऊन गेला.

वादिराज माझा पुतण्या, थोरल्या जावेचा मुलगा. जयतीर्थ आणि तुंगा ही त्याची मुलं. तुंगा तेव्हा पाच वर्षांची होती. थोरली जाऊ म्हणजे वेदवतीअक्का. मला मूल नाही, यजमानही लवकर गेले, अक्काच्याच घरात मी म्हातारी झाले. मुलं तिला आज्जी म्हणत आणि मला चिक्कज्जी, म्हणजे धाकटी आजी.

अक्काचं मडी कडक. इतर ठिकाणी सोवळं म्हणतात, तेच आमच्यात मडी. भावजी गेल्यापासून ती स्वतःच्या हातानं रांधलेलंच खायची. अंघोळ झाल्यापासून जेवण होईपर्यंत तिला कुणी शिवायचं नाही. बाहेर गेली तर फळ आणि पाणी, नाहीतर उपास. कुणाला बोल लावायची नाही. आपली एका बाजूला बसून राहायची.

बाग मोठी छान होती. सिमेंटचा हत्ती होता, त्याच्या सोंडेवरून मुलं घसरत. पोकळ वडाचं खोड होतं, आत शिरून वरच्या फांदीतून बाहेर डोकवायचं. बांबूचा पूल होता, खाली खरं पाणी. फाटकावर कानडीत लिहिलं होतं. मी अक्षर अक्षर लावून वाचलं, ‘झाडांना दुखवू नका’. जयतीर्थानं टाळी वाजवली. संध्याकाळी तो मला वाचायला शिकवायचा, आधी शाळेतली कानडी, मग घरची मराठी.

“चिक्कज्जी पास!” तो ओरडला.

“आणि तुझी संध्या?” अक्का म्हणाली. “मुंज होऊन महिना नाही झाला, मंत्र विसरलास की काय?”

“हत्तीवर बसून म्हणतो, आज्जी.”

ती हसली. अक्का क्वचित हसायची, पण त्या दिवशी सारखी हसत होती. एक मोठं सिमेंटचं कासव होतं, चिंचेच्या सावलीत. त्याच्या पाठीवर ती बसली आणि तुंगेला सोंडेवरून घसरताना बघत राहिली. तुंगा खाली आली की अक्काचे पाय आपोआप जमिनीवर टेकत, जणू तिला धरायला निघाले आहेत.

दुपारी सुनेनं, वादिराजाच्या बायकोनं, चादर अंथरली. पुळियोगरे म्हणजे चिंचेचा भात, डाळीची कोसंबरी, दहीभात. पळसाच्या पत्रावळीवर सगळ्यांनी वाढून घेतलं. अक्का कासवावरच होती, हातात एक केळं.

“अम्मा, ये की इथं,” वादिराज म्हणाला. “बसमध्ये निम्मं म्हैसूर शिवलं तुला. आता कसलं मडी?”

“शिवलेलं अंघोळीनं जातं रे. पोटात गेलेलं जात नाही. तू जेव.”

एवढ्यात तुंगा उठली. दहीभाताचा गोळा मुठीत धरून, दही मनगटावरून ओघळतंय, अशी पळत अक्काकडे गेली. “आज्जी, आ कर! आ!”

अक्का ताडकन उठली. पदर आवळून मागं सरली आणि ओरडली, “हां हां! लांब! शिवू नको!”

घास कासवाच्या पाठीवर पडला. शेजारच्या चादरीवरचे लोक वळून बघायला लागले. तुंगा हात तसाच पुढे धरून उभी होती.

“घ्या,” वादिराज म्हणाला, “कासवाचं मडी मोडलं. आता त्याला अंघोळ घाला.”

जयतीर्थ खदखदून हसला. तुंगा हसली नाही. माझ्याजवळ येऊन तिनं हळूच विचारलं, “चिक्कज्जी, माझा हात घाण आहे?”

“नाही गं बाळ. आज्जीचं मडी आहे.”

हे अक्कानं ऐकलं. चिंचेवरून खार उतरली आणि कासवावरचा भात खाऊ लागली. मुलं खारीकडे धावली. अक्कानं केळं सोललंच नाही, घरी परत आणलं.

त्यानंतर तुंगा मडी शिकली. कुणी शिकवलं असं नाही, पण ती शिकली. सकाळी अक्का मोरीतून बाहेर आली की ही आधी ओरडायची, “सरका रे, आज्जी आली!” आपला परकर गोळा करून भिंतीला चिकटून उभी राहायची. अक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगे, “पोर शहाणी आहे. एकदा सांगितलं की पुरे.”

पण दुपारी, जेवणं झाल्यावर, जेव्हा शिवायला हरकत नसे, तेव्हाही तुंगा तिच्याजवळ जात नसे. माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची. अक्का समोर वाती वळत बसे. कधी मी मान वर केली तर तिचे हात थांबलेले असत.

अशी पाच वर्षं गेली. अक्काला धाप लागायला लागली. डॉक्टरनी उपास बंद करायला सांगितलं, तिनं ऐकलं नाही. मग एके दिवशी वाती वळताना ती मला म्हणाली, “विशालू, त्या बागेत परत जाऊ या का?”

“धाप लागते म्हणतेस, आणि बाग?”

“कासवावर तर बसायचंय.” मग म्हणाली, “मी तिथं जेवणार आहे. दहीभात.”

“आणि मडी?”

“साकु गं. पुरे झालं. त्या पोरीच्या हातचा एक घास खायचाय मला.”

“मग बागेत कशाला? आत्ता हाक मारते तिला.”

“अय्यो, नको! तिला काही सांगू नकोस. सांगून घातलेला घास काय कामाचा? त्या दिवशी आली होती तशी तिनं आपणहून यायला हवं.”

मी शब्द दिला. कार्तिकात आम्ही गेलो.

हत्तीचा रंग उडाला होता. बांबूच्या पुलाला तार लावून तो बंद केला होता. जयतीर्थ मित्रांबरोबर चेंडू खेळायला गेला. अक्का कासवावर बसली. सकाळपासून तिनं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. चादर अंथरली, पत्रावळी मांडल्या. अक्का तुंगेकडे बघत होती आणि मी अक्काकडे.

तुंगा उठली. तिनं झाडाच्या फांदीला अडकवलेली एक वेगळी पिशवी काढली. त्यात केळी होती आणि झाकणाच्या तांब्यात पाणी. अक्कापासून चार हात लांब तिनं ते जमिनीवर ठेवलं आणि मागं सरली.

“आज्जी, हे तुझं. सकाळी न्हाऊन मी स्वतः भरलंय. कुणी शिवलं नाही.”

मग दोन्ही हात पसरून ती पाठमोरी उभी राहिली, चेंडूमागे येणाऱ्या मुलांना अडवत. “इकडे नका येऊ रे! आज्जी बसलीय!”

“तुंगा,” अक्का म्हणाली, “तू जेवलीस?”

“जेवतेय. दहीभात.”

“कसा झालाय?”

“छान. आंबट नाही.”

“हात बघू तुझा.”

तुंगेनं हात पटकन पाठीमागं नेला. “खरकटा आहे, आज्जी.” आणि हसून म्हणाली, “घाबरू नको. मी नाही शिवत.”

मी तोंड उघडणार तेवढ्यात अक्कानं मला डोळ्यांनी दटावलं. मग केळं सोललं आणि हळूहळू सगळं खाल्लं.

परतताना बसमध्ये गर्दी होती. अक्काला बसायला जागा मिळाली. तुंगा तिच्यापुढे दांडी धरून उभी राहिली, कुणाचा धक्का अक्काला लागू नये म्हणून. सगळ्या वाटेत तिनं आपला परकरसुद्धा अक्काच्या गुडघ्याला लागू दिला नाही. घराजवळ, अग्रहाराच्या कोपऱ्यावर उतरताना अक्का माझ्या कानाशी म्हणाली, “चांगली शिकवली मी हिला.” आणि मग, “उन्हाळ्यात परत येऊ.”

पौषात धाप वाढली. त्या सकाळी तिला बोलता येत नव्हतं, पण डोळे उघडे होते. वादिराजानं तुळशीपानानं तोंडात गंगाजल घातलं, सुनेनं घातलं, जयतीर्थानं घातलं, मी घातलं. तुंगा शाळेच्या कपड्यांत दारात उभी होती.

“ये गं,” मी म्हणाले. “तूही घाल.”

“मी अशीच कशी शिवू? न्हाऊन येते.”

“असू दे! तशीच ये!”

पण ती मोरीकडे पळाली होती. पाण्याच्या आवाजात तिला माझी हाक ऐकू गेली नाही. अक्काचे डोळे दाराकडे होते. तुंगा ओल्या केसांनी धावत आली, तुळशीचं पान उचललं आणि वादिराजानं तिचा हात मधेच धरला, “राहू दे गं आता.”

वेदवतीअक्का १९९३ साली, संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी वारली.