गोडी बाव

सोनं म्हटलं की पिवळं, ही आपली समजूत सराफाच्या दुकानापुरतीच खरी. तेच सोनं इतकं बारीक करा की केसाच्या जाडीत त्याचे हजारो कण मावावेत, मग पाण्यात ते लाल दिसतं, थेट कोकम सरबतासारखं. क्रिस्टिना मुंबईच्या एका प्रयोगशाळेत हेच लाल सोनं घेऊन बसायची. पाण्यात शिसं असलं की हे कण एकमेकांना चिकटतात आणि लाल रंग निळा पडतो, एवढीच तिची चाचणी. ती एवढी साधी करण्यात बाईची उमेदीची वर्षं खर्ची पडली होती.

त्या रविवारी ती भुईगावला माहेरी आली ती भाचीसाठी. धाकटा भाऊ टोनी याची हिलरी वर्षाची होत आली होती. मधे बसायला लागली होती, मग पुन्हा लोळागोळा होऊन पडली. पोट सदा कडक, चेहरा पांढराफटक. डॉक्टर म्हणाले, थोडी वाट बघू. शेजारणी म्हणाल्या, नजर लागली. टोनीची बायको मटिल्डा फोनवर रडली आणि क्रिस्टिनाच्या मनात पाल चुकचुकली. रात्रंदिवस शिशाचा विचार करणाऱ्याला जिकडेतिकडे शिसंच दिसायचं, असं तिनं स्वतःला बजावलं. तरी निघताना लाल सोन्याची एक कुपी पर्समध्ये टाकलीच.

चर्चमधली मिस्सा आटोपून सगळे घरी आले. तिनं बावीचं, म्हणजे घरच्या विहिरीचं, पाणी शेंदलं आणि चार थेंब कुपीत सोडले. लाल रंग आधी जांभळा झाला, मग बघता बघता निळा.

वडील, ऑगस्टीन, शेजारीच उभे होते. "काय झाला, बाय?"

"मीठ," क्रिस्टिना म्हणाली.

हे उत्तर तिच्या तोंडून इतकं पटकन निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं. पण ते खोटं नव्हतं. मिठानंसुद्धा हे सोनं निळं पडतं, आणि विहिरी खाऱ्या झाल्याचं रडगाणं आता गावात घरोघर होतं. टँकरवाल्यांनी गोडं पाणी उपसून नेलं आणि खालून समुद्र आत आला. तेव्हा मीठच असणार. मिठानं काही पोरं लोळागोळा होत नाहीत. तिला खरोखर हायसं वाटलं.

ऑगस्टीनना मात्र ते फार लागलं. आळीतल्या सगळ्या बावी खाऱ्या झाल्या, एक यांचीच गोडी राहिली, हा म्हाताऱ्याचा उतारवयातला एकमेव तोरा. त्यांना कुणी चोर म्हटलं असतं तर ते हसले असते.

"आमची बाव खारी?" ते म्हणाले. "एवढी शिकलीस, तुजी जीभ कुठं गेली? हे पी, आन मंग बोल."

त्यांनी स्वतः तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन दाखवलं, मिशा पुसल्या आणि दुसरा तांब्या तिच्यापुढे धरला. क्रिस्टिनानं एक घोट घेतला. मग दुसरा. तिसरा तिनं तोंडातच घोळवला, खारटपणा शोधत राहिली. जिभेला कळणार नाही एवढ्या मिठानं तिची चाचणी निळी पडत नव्हती. तिनंच ते पुन्हा पुन्हा तपासून सिद्ध केलं होतं. आयुष्यात कधी नव्हे ते तिनं देवाकडे चिमूटभर मीठ मागितलं. पाणी लहानपणी होतं तसंच होतं, गार आणि गोड.

"गोडा हाय ना?" ऑगस्टीननी विजयी चेहऱ्यानं विचारलं.

"गोड आहे, पप्पा," ती म्हणाली, आणि तांब्या त्यांच्या हातात परत दिला.

बावीच्या पलीकडे केळी होत्या आणि केळींच्या मागे जुना गोठा. गुरं गेल्यावर टोनीनं तो भाड्यानं दिला होता. भाडेकरू जुने कॉम्प्युटर आणि मोबाइल फोडायचा, आतल्या सर्किटच्या पट्ट्या ॲसिडमध्ये बुडवायचा आणि त्यांतलं सोनं काढून घ्यायचा. सोनं निघतं कणभर. बाकी सगळी घाण, तारा जोडणाऱ्या डाखाचं शिसंसुद्धा, मागेच राहते. गोठ्याकडच्या केळींची पानं करपली होती. क्रिस्टिना सकाळी इथूनच गेली होती, पण तेव्हा तिला ती पानं दिसली नव्हती. सोन्यानंच सोन्याची चुगली केली होती.

स्वयंपाकघरात मटिल्डा हिलरीला मांडीवर घेऊन पेज भरवत होती. टोनी मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

"टोनी, गोठ्यातलं ॲसिडचं पाणी कुठं सोडतात?"

"मागं खड्डा आहे त्यांचा."

"बावीत शिसं उतरलंय. आजपासून या घरात..."

"हिलरीला कुठं देतो बावीचं?" टोनी मधेच म्हणाला. "तिला मी बाटलीचंच आणतो, पहिल्यापासून."

क्रिस्टिना त्याच्याकडे वळली. "पहिल्यापासून म्हणजे? तुला माहीत होतं?"

टोनीनं मान खाली घातली. "भाडेकरू बोललेला, लहान मुलांना देऊ नका. मोठ्यांना काय होत नाय बोलला."

दारात ऑगस्टीन उभे होते, हातात तांब्या तसाच. कुंपणानंच शेत खाल्लं होतं. भावाच्या थोबाडीत मारावी असा राग क्रिस्टिनाला आला, आणि त्या रागातही तिला सुटल्यासारखं वाटलं: निदान पोरगी वाचली. म्हणजे तिचं दुखणं काहीतरी वेगळंच असेल, बरं होण्यासारखं.

मटिल्डानं चमचा वाटीत ठेवला.

"टोनी, ते पानी मी तिला नाय दिलं," ती हळूच म्हणाली. "बाटलीतलं पानी मेलेलं असतं. त्यानं मी भांडी धुते. तुम्ही सगळी या बावीवर वाढलात, म्हनून तिलापन हेच देते. पोट कडक झाल्यापासून तर जास्तच पाजते. गोडं पानी बाधत नाय, पप्पाच म्हनाले."

टोनी उठला. त्यानं तिच्या हातातली पेजेची वाटी काढून घेतली आणि ती कुठं ओतायची हे न कळून तसाच उभा राहिला.