नांगराचा दोर

मुलांनो, आपल्या अमेरिकेच्या इंग्रजांशी झालेल्या दुसऱ्या लढाईत आपल्या गावाने काय केलं, असं तुम्ही विचारता. खरं सांगायचं तर आपण एकही तोफ डागली नाही. आपण एक दोर वाहून नेला.

ओंटारिओ सरोवराच्या बंदरात आपलं मोठं नवं जहाज उभं होतं. आपल्या गावातल्या ॲसाहेल डॉरन्सची मुलगी टॅमसिन, तिचा नवरा जेरेड त्या जहाजावर सुतार होता. शिडं चढली होती, तोफा बसल्या होत्या, पण नांगराला दोर नव्हता, आणि नांगराशिवाय एवढं जहाज बाहेर काढायला कप्तान धजत नव्हता. बाहेर इंग्रजांची जहाजं येरझाऱ्या घालत होती. त्यांनी बंदरावर चाल केली, तर ते जहाज जागच्या जागी जळणार आणि जेरेडही त्यात जळणार, हे टॅमसिनला पक्कं ठाऊक होतं.

दोर होडीतून आपल्या ओढ्यापर्यंत आला आणि तिथेच अडकला. पुढे सरोवरातून न्यावा तर इंग्रज टपलेले. गाडीत घालावा तर तो माणसाच्या मांडीएवढा जाड आणि अखंड, गाडीचा आसच मोडला असता. कापून तुकडे केले तर त्याचा काही उपयोग नव्हता. मग ठरलं, खांद्यावरूनच न्यायचा.

कुणाचं कोठार उभारायचं असलं की आपलं सगळं गाव जमतं, हे तुम्ही पाहता. प्रत्येक घर आपापल्या जागी उभं राहतं, पुढे बाप, मागे मुलगे, आणि बायका जेवणाकडे. त्या दिवशीही सगळे सवयीने तसेच उभे राहिले. खांद्यावर पेंढा भरलेली फडकी बांधली, दोर उचलला आणि निघाले.

पहिल्या टेकडीपर्यंतच घोटाळा लक्षात आला. ॲसाहेल ताडमाड उंच, त्याचे मुलगे त्याच्या काखेपर्यंत येणारे. दोर बापाच्या खांद्यावर टेकायचा आणि मुलांच्या डोक्यावरून हवेत जायचा. घरोघरी तीच गत. मागून कुणीतरी विचारलं, डॉरन्सची पोरं दोराच्या सावलीत फिरायला आली आहेत का? पोरं लाजेने टाचा उंचावून चालू लागली, पण त्याने काय होणार? थोड्या वेळाने ॲसाहेल गुडघ्यावर बसला. फडक्यातून रक्त झिरपत होतं.

टॅमसिन मक्याची भाकरी आणि काकवी घातलेलं आल्याचं पाणी घेऊन मागून येत होती. तिने घडा खाली ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, की घराघराच्या रांगा मोडा, उंचीने उभे राहा, सर्वांत उंच तो पुढे. असं म्हणून ती स्वतः बापाच्या मागे जाऊन उभी राहिली, कारण गावात तिच्याहून उंच तोच एक होता.

"कोठार उभारताना बायका कधी तुळया उचलतात का?" बाप म्हणाला.

"कोठारात माझा नवरा नसतो, बाबा. त्या जहाजात आहे."

ॲसाहेल उठला आणि त्याने पुन्हा दोराखाली खांदा दिला. पण तिच्या मागे कोण येणार हे पाहिल्यावर त्याचा चेहरा उतरला. तिच्याखालोखाल उंच होता एनॉस पेटिबोन. एनॉस सरोवरापलीकडे कॅनडात गुरं विकायचा. लढाईने तो धंदा बसला, म्हणून तो लढाईला शिव्या घालायचा. ॲसाहेलने त्याला भर चर्चमध्ये इंग्रजांच्या राजाचा माणूस म्हटलं होतं. तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता.

आता पावलं तर जुळवायला हवीत.

"टॅमसिन, मागच्याला सांग, डावा पाय आधी," ॲसाहेल म्हणाला.

"पोरी, पुढच्याला सांग, मला डावा-उजवा कळतो," एनॉस म्हणाला.

टॅमसिनने दोन्ही निरोप पोहोचवले. दिवसभर ती पोहोचवत राहिली. मागची माणसं हसत होती, पण पावलं जुळत गेली. वाटेतल्या घरांतून लोक येत होते आणि आपापल्या उंचीची जागा शोधून दोराखाली शिरत होते. टॅमसिनचा खांदा सोलला. एनॉसने तिला सांगितलं, जागा सोडून बाजूला हो. ती म्हणाली की बंदर दिसल्यावर बघू.

दुसऱ्या दिवशी बंदराच्या उतारावर ॲसाहेल थकून मान खाली घालून चालत होता.

"ॲसाहेल, पायाखाली दगड," एनॉस ओरडला.

ॲसाहेलने दगड ओलांडला. मग मागे न बघता तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात माझं कोठार उभारायचंय. ये."

"येईन. तुझ्या पोरांच्या शेजारी मात्र उभा राहणार नाही."

धक्क्यावर जेरेड धावत आला. त्याने आधी दोराला हात लावला आणि मग टॅमसिनचा खांदा पाहिला. ती म्हणाली, "खांदा नंतर बघ. आधी हा बांध."

त्याने सोबत्यांना हाक मारली आणि दोराचं टोक जहाजाकडे ओढलं. नांगर जोडून होईपर्यंत टॅमसिन धक्क्यावरून हलली नाही. मग जहाजाची शिडं फुगली आणि ते जेरेडला घेऊन बंदराच्या तोंडाकडे सरकू लागलं.