गॅरेटची मूठ

व्हर्ना बाईंनी लेमन बारचा, घरच्या लिंबाच्या वड्यांचा, ट्रे टेबलावर ठेवला आणि कोट न काढताच खुर्चीत बसकण मारली. हॉलिस गावापासून राजधानीपर्यंत गाडी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याने, गॅरेटने, हाकली होती, पण कंबर धरली होती ती बाईंची. विधानभवनाच्या तळघरातली ही खोली आघाडीला दर फेब्रुवारीत मिळायची. तोच करकरणारा हीटर, तीच जळकी कॉफी आणि दरवर्षी थोडी आणखी पिकलेली तीच डोकी.

आघाडी राज्यभरची होती. शिक्षक होते, ग्रंथपाल होते, शाळांचे अधीक्षक होते, वकील होते, काउंटीच्या निवडणूक कचेऱ्यांची माणसं होती. सगळ्यांना हवं होतं एकच. राज्यातल्या प्रत्येक हायस्कुलात नागरिकशास्त्र नीट शिकवलं जावं. आतापर्यंत हा विषय म्हणजे फुटबॉलच्या कोचला हंगाम संपल्यावर बसवायची जागा. कोच चित्रपट लावायचा, मुलं झोपायची, आणि मग मोठी झाल्यावर मतदानाला जात नाहीत म्हणून हीच मोठी माणसं गळे काढायची. बाईंना या गळे काढण्याचा फार संताप यायचा. त्या संतापातूनच नऊ वर्षांपूर्वी त्यांनी आघाडी उभी केली आणि विधेयकाचा पहिला मसुदा स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून लिहिला.

त्या मसुद्याचा जीव एका कलमात होता. प्रत्येक मुलाने आपल्या गावातला एक खरा प्रश्न घ्यायचा आणि नगरपरिषदेसमोर उभं राहून तो मांडायचा. आई-बापांचे फोन येतील म्हणून अधीक्षक घाबरले, तेव्हा ‘मांडायचा’चं ‘मांडता येईल’ झालं. पुढच्या वर्षी कुणाला तरी राजकारणाचा वास आला आणि नगरपरिषदेच्या जागी ‘शाळेतील योग्य व्यासपीठ’ आलं. असं करत करत विधेयक धुतलेल्या स्वेटरसारखं आटत गेलं, आणि दरवर्षी तरीही समितीत पडत गेलं.

आज सकाळी समितीचे अध्यक्ष सिनेटर डिल्बेक यांनी बाईंना जिन्यातच गाठलं होतं.

“ओल्सेट मॅडम, आज मतदानाला घेतो. मंजूरही करून देतो. ते कलम तेवढं काढा. त्याऐवजी पन्नास प्रश्नांची परीक्षा ठेवू. पण तुमची आघाडी एकमुखाने आली पाहिजे हं. नंतर कुणी माझ्यामागे ओरडत फिरलेलं मला चालणार नाही.”

बाईंनी ते जसंच्या तसं खोलीत सांगितलं.

“घ्या उरकून,” अधीक्षकांच्या संघटनेचा लॉइड म्हणाला. “या हीटरच्या आधी आपण मरू, व्हर्ना.”

कुणीतरी हसलं. मग बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, “बोटं?”

आघाडीची ही पद्धत बाईंनीच घालून दिलेली. पाच बोटं म्हणजे मनापासून पाठिंबा. तीन म्हणजे चालवून घेऊ. एक म्हणजे मला पसंत नाही, पण मी आडवा येणार नाही. आणि बंद मूठ म्हणजे थांबा. एकाचीही मूठ वर असली तर आघाडीच्या नावाने काहीही बाहेर जायचं नाही. समन्वयकाने, म्हणजे बाईंनी, फक्त बोटं मोजायची, स्वतःची दाखवायची नाहीत. इतक्या वर्षांत मूठ कुणी वर केली नव्हती. ही सभ्य माणसं होती. शेजाऱ्याने गवत कापायचा लॉनमोवर मोडून परत केला तरी ‘काही हरकत नाही’ म्हणणारी.

तीन बोटं वर आली. पुन्हा तीन, दोन, तीन. लॉइडने पाच दाखवली, त्याला जेवायला जायचं होतं. आणि खिडकीजवळ गॅरेट पाव्हेल्काची मूठ वर होती.

“पोराच्या हाताला क्रॅम्प आलाय वाटतं,” लॉइड म्हणाला.

गॅरेटने मूठ खाली घेतली नाही. बाई उठल्या. “गॅरेट, जरा बाहेर चल.”

कॉरिडॉरमध्ये शीतपेयांच्या मशीनपाशी दोघं उभे राहिले. गॅरेट आता चौतिशीचा, काउंटीच्या निवडणूक कचेरीत मोठ्या खुर्चीवर बसणारा. पण बाईंसमोर आला की हात आपोआप खिशाबाहेर काढायचा.

“हे काय लावलंयस तू?”

“मूठ तुम्हीच ठेवलीत ना नियमात, बाई?”

“ठेवली. कुणी वापरेल असं कुठे वाटलं होतं?”

तो हसला नाही. “ते कलम गेलं तर उरलं काय? राज्यपाल किती वर्षं असतो, सिनेटर किती वर्षं. माझ्या कचेरीत येतात ना लोक, त्यांना ते पाठ असतं. पण गल्लीतल्या खड्ड्यासाठी कुणाच्या नावाने ओरडायचं, हे विचारा. तोंडाकडे बघत बसतात.”

“पुढच्या वर्षी दुरुस्ती आणू. आधी आत तर शिरू दे.”

“पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी! दर पुढच्या वर्षी एक ओळ जातेय, बाई. सगळे तीन बोटं दाखवतात आणि घरी जातात.”

बाईंना राग आला. तो खरं बोलत होता म्हणूनच जास्त आला.

“मी जूनमध्ये निवृत्त होतेय, ठाऊक आहे ना? माझ्या जागी कोण येतंय? कोच बर्डिक. शिट्टी गळ्यात घालून राज्यघटना शिकवणार आहे तो. मला काहीतरी मिळवून घरी जायचंय रे. अर्धं असेल, पाव असेल, पण कायद्यात असेल.” त्यांचा आवाज चिरकला आणि त्याची त्यांनाच लाज वाटली. “मी थकलेय, गॅरेट. खरंच थकलेय. आवडलं असं म्हणू नकोस. एक बोट दाखव. फक्त आडवा येऊ नकोस. माझ्यासाठी.”

बाईंना कुणापुढे विनवताना गॅरेटने कधी पाहिलं नव्हतं.

“बरं, बाई,” तो म्हणाला.

खोलीत परतल्यावर त्याने एक बोट वर केलं, वर्गात शंका विचारणाऱ्या मुलासारखं सरळ. बाईंनी ते मोजलं.

समितीत सगळं इतकं झटपट आटोपलं की बाईंचा विश्वास बसेना. एकेका सदस्याने ‘हो’ म्हटलं. डिल्बेकांनी छोटंसं भाषण ठोकलं, सगळ्यांनी थोडं थोडं सोडलं की लोकशाही पुढे जाते म्हणाले, आणि बाईंचं नाव घेतलं. टाळ्या पडल्या. नऊ वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो येऊन गेला, आणि बाईंना फक्त पाय दुखतायत एवढंच कळलं. जिन्यावर आघाडीचा फोटो निघाला. सगळ्यांनी नेहमीसारखी पाच बोटं पसरून हात वर केले, बाईंनीसुद्धा. गॅरेट म्हणाला, “मी काढतो,” आणि फोन घेऊन खाली जाऊन उभा राहिला.

परतीच्या वाटेवर गाडी गॅरेटच हाकत होता. दोन्ही बाजूंना मक्याची धसकटं बर्फातून वर आलेली. ट्रेमध्ये दोन लेमन बार उरले होते. बाईंनी एक त्याच्यापुढे धरला, तेव्हा तो “नको, बाई” म्हणाला. बाईंनी ट्रे मागे ठेवून दिला.

ऊन उतरता उतरता हॉलिस आलं. गावात शिरताना मिल रोडवरचा दिवा लाल झाला आणि गॅरेटने गाडी थांबवली. शाळेच्या बँडमधला ट्रॉम्बोन पाठीवर घेतलेली एक मुलगी खांबावरचं बटण दाबून रस्ता ओलांडत होती. समोरून धान्याचा भलामोठा ट्रक येऊन तिच्यासाठी थांबला.

हा दिवा गॅरेटचा. सोळा वर्षांचा होता तेव्हा त्याच्या दोस्ताच्या बहिणीचा पाय इथेच गिरणीच्या ट्रकखाली मोडला. त्याने बाईंच्या वर्गात हा प्रश्न घेतला. परिषद म्हणाली रस्ता राज्याचा आहे, राज्य म्हणालं परिषदेला विचार. मुख्याध्यापक म्हणाले, मार्क मिळाले ना, आता पुरे. बाप म्हणाला, गिरणीवाल्यांशी वाकडं घेऊ नकोस. दिवा उभा राहीपर्यंत त्याचं हायस्कूल संपत आलं होतं. बाई प्रत्येक सभेला मागच्या बाकावर असायच्या.

मुलगी पलीकडे पोचली. तिने ट्रकवाल्याला हात केला.

“गॅरेट,” बाई म्हणाल्या, “तेव्हा सगळे तुला सोड म्हणत होते. मीही म्हटलं असतं तर? जाऊ दे, थकलेय मी, असं?”

त्याने थोडा विचार केला. खोटं बोलायची सवय बाईंनीच त्याला लावली नव्हती.

“सोडलं असतं, बाई,” तो म्हणाला. “तुम्ही सांगितलं असतंत तर सोडलं असतं.”

दिवा हिरवा झाला. त्याने गाडी गिअरमध्ये टाकली आणि बाईंच्या घराच्या रस्त्याला वळवली.